घोड्याच्या पायांच्या दुखापती आणि त्यांवरील उपचार

छत्तीसगडच्या इतिहासात मराठ्यांचा प्रवेश झाला तो घोड्यांच्या टापांवरून. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपुरावर चाल केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८१८ मध्ये मुख्य ठाणे रायपूरला हलविण्यात आले. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराच्या घोड्याचा पाय गेला की त्याची उपजीविकाच जाई. म्हणूनच पागेत सलोत्र्याला मान असे. सलोत्री हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आला आहे.

पायांनाच एवढी इजा का होते, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. घोड्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि स्वार बसला म्हणजे त्यात आणखी भर पडते. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे नळीचे हाड असते, त्यामागे दोरखंडासारख्या कंडरा आणि बंध असतात व वरून केवळ कातडे असते. भरधाव दौडीत घोटा जमिनीकडे दबतो आणि मागची कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहूनही अधिक ताणली जाते. या ताणामुळे तिच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यामुळे ती लवकर झिजते आणि उशिरा सांधते.

जमिनीचाही यात मोठा वाटा आहे. रायपूरच्या आसपास ‘भाठा’ नावाची मुरमाड, तांबडी जमीन आढळते, तशीच ‘कन्हार’ नावाची काळी, चिकट जमीनही आढळते. उन्हाळ्यात टणक झालेल्या भाठ्यावर किंवा डांबरी सडकेवर दुडकी चाल धरली, तर प्रत्येक पावलाचा हादरा खूर, हाडे आणि सांध्यांतील कूर्चा यांना सोसावा लागतो. पावसाळ्यात कन्हार जमिनीच्या चिखलात खूर रुततो व तो उपसून काढताना कंडरांवर ताण येतो. तेव्हा स्वाराने ऋतूप्रमाणे वाट आणि चाल बदलणे हाच पहिला उपचार होय.

घोडा लंगडत आहे हे कळले तरी कोणत्या पायाने, हे ओळखण्यास सराव लागतो. मोतद्दाराने लगाम सैल धरून घोड्याला सपाट, कठीण जमिनीवर दुडक्या चालीने न्यावे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताच घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना ती खाली घालतो. मागचा पाय दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. त्यानंतर खुरापासून वर हात फिरवून दोन्ही पायांची तुलना करावी. ऊब, सूज आणि दाबताच पाय ओढून घेणे ही दुखापतीची खूण होय. खूर मात्र सर्वांआधी तपासावा. नालेचा चुकीचा खिळा, रुतलेला खडा किंवा तळव्यातील पू यांमुळे घोडा इतका लंगडतो की हाड मोडल्याचा भास व्हावा.

कंडरा किंवा सांधा दुखावल्याचे दिसताच स्वाराने खाली उतरावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत थंडावा देणे सर्वांत उपयोगी असते. दिवसातून अनेक वेळा, प्रत्येक वेळी पंधरा ते वीस मिनिटे, पायावर थंड पाण्याची धार सोडावी. मे महिन्यात रायपूरला पारा चाळिशीच्या वर जातो आणि टाकीतील पाणीही कोमट होते. अशा वेळी फडक्यात गुंडाळलेला बर्फ वापरावा. नंतर कापसाचा जाड थर देऊन वर सारख्या दाबाने पट्टी बांधावी. सुरकुती पडलेली किंवा करकचून आवळलेली पट्टी नवी इजा करते. वेदनाशामक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. वेदना थांबली म्हणजे कंडरा सांधली असे नव्हे.

सांध्याजवळील जखम, मग ती कितीही लहान असो, वेगळ्या गांभीर्याने पाहावी. तिच्यातून पिवळसर, तार धरणारा द्रव झिरपत असेल, तर सांध्याचे आवरण फाटलेले असते. जंतू आत शिरले की कूर्चा झपाट्याने नष्ट होते आणि घोडा कायमचा पांगळा होतो. त्याच दिवशी पशुवैद्याकडून सांधा आतून धुऊन घेणे व प्रतिजैविके देणे एवढाच मार्ग उरतो. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. म्हणून त्या रोगाची लस आधीच टोचलेली असावी.

दुखावलेली कंडरा भरून येण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. प्रथम तबेल्यात विश्रांती, मग हातात धरून मोजकी मिनिटे चालविणे, त्यानंतर ही वेळ आठवड्यागणिक वाढविणे आणि दौड सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने कंडरेच्या आतील तंतू दिसू लागल्यापासून प्रत्येक टप्प्याचा निर्णय पारखून घेता येतो. पूर्वी अशा पायाला तापलेल्या लोखंडाने डाग देत. डागलेला घोडा अनेक महिने कामावर नसे, आणि विश्रांतीने झालेल्या गुणाचे श्रेय लोखंडाला मिळे. १९८३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने डागण्याने कंडरा अधिक बळकट होत नाही असे दाखवून दिले.

हाड मोडल्यास प्रश्न बिकट होतो. घोडा माणसासारखा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही. त्याच्या देहाच्या भाराने फुप्फुसे आणि स्नायू निकामी होऊ लागतात. उभा राहिला तर निरोगी पायावर दुप्पट भार येतो. २००६ च्या केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो याचा मागचा उजवा पाय त्याच वर्षी २० मे रोजी शर्यतीत मोडला. शस्त्रक्रियेनंतर हाड बरेचसे सांधले, परंतु दुसऱ्या पायाच्या खुरातील पडदे सुटले आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले.

सूज उतरली, चाल सुधारली, की मालकाला खोगीर चढविण्याची घाई होते. वरातीचा हंगाम किंवा स्पर्धेची तारीख जवळ आली असेल तर ती अधिकच होते. परंतु बाहेरून बरी दिसणारी कंडरा आतून कच्ची असते व दुसऱ्यांदा फाटल्यास पूर्ववत होण्याची आशा फार थोडी उरते. घोडा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही आणि स्वाराने टाच मारली की दुखऱ्या पायानेही धावतो. म्हणून त्याला केव्हा थांबवायचे, हे ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वी माणसावर येते.