विद्रोह्याचे आत्मकथन आणि सहृदय वाचक

आत्मचरित्र वाचणारा मराठी रसिक फार दिवस पाहुण्याच्या भूमिकेत होता. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (1910), धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' (1915) किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना तो एका घरात सन्मानाने प्रवेश करतो, घरातील माणसांची ओळख करून घेतो, क्वचित डोळे पुसतो आणि समृद्ध होऊन परततो. त्या घरातील दुःखाला तो जबाबदार आहे असे त्याला कोणी सुनावीत नाही. ह्या वाचनात गैर काहीच नाही. परंतु ज्या आत्मकथनाचा लेखक समाजव्यवस्थेवर अभियोग चालवीत असतो, त्याच्यापुढे पाहुण्याची ही भूमिका टिकत नाही. तेथे वाचक एक तर फिर्यादीच्या बाजूचा असतो, नाही तर आरोपीच्या. तिसरी जागा पुष्कळांना हवी असते. ती मिळते की नाही हाच खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे माल्कम एक्स ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन क्रांतिकारकाचे आत्मचरित्र. त्याने ते अलेक्स हेली ह्या पत्रकाराला सांगितले आणि हेलीने लिहिले. 21 फेब्रुवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये माल्कमचा खून झाला आणि त्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हुशार विद्यार्थी, मग भुरटा गुन्हेगार, तुरुंगात शब्दकोश उतरवून काढीत भाषा मिळविणारा कैदी, 'नेशन ऑफ इस्लाम'चा प्रखर प्रचारक, आणि 1964 च्या हज यात्रेनंतर स्वतःचीच मते तपासून पाहणारा माणूस, अशी ही स्थित्यंतरे आहेत. त्यांतील शेवटचे स्थित्यंतर कथन चालू असतानाच घडले. गुरू इलायजा मुहंमद ह्यांच्याविषयी भक्तिभावाने सांगितलेली प्रकरणे गुरूशी फारकत झाल्यावर बदलावीत असे माल्कमला वाटले. हेलीने त्याला परावृत्त केले. त्यामुळे निवेदकाला पुढे जे कळणार आहे ते त्याला अजून कळलेले नाही, अशा अवस्थेत वाचक त्याच्याबरोबर चालतो. सामान्य आत्मचरित्रकार शिखरावर उभा राहून मागची वाट दाखवितो. येथे वाट चालतानाच कथन होते, आणि वाचकालाही आपले मत पक्के करून निवांत बसता येत नाही.

त्या ग्रंथात एक छोटासा प्रसंग आहे. माल्कमचे भाषण ऐकून अस्वस्थ झालेली एक गोरी महाविद्यालयीन युवती त्याला गाठते आणि आपण काय करू शकतो असे विचारते. काहीही नाही, असे तो उत्तर देतो, आणि ती रडत निघून जाते. पुढे ह्या उत्तराचा त्याला पश्चात्ताप झाला. ही युवती म्हणजे त्या ग्रंथाचा गोरा वाचकच होय, असे म्हणण्यास हरकत नाही. करुणेने भारावून तो लेखकाच्या दाराशी येतो आणि त्याची करुणाच नाकारली जाते. कृष्णवर्णीय वाचकाला मात्र ह्याच ओळींत आपल्या वतीने दिलेले उत्तर ऐकू येते. एकच प्रसंग, आणि दोन वाचकांच्या ठायी परस्परविरुद्ध परिणाम.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत पाहिले तर येथे एक अडचण उभी राहते. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या सात विघ्नांचा विचार केला आहे. त्यांतील एक विघ्न असे की, प्रेक्षक प्रयोगातील भाव 'हा माझाच' किंवा 'हा परक्याचाच' असा ठरवून टाकतो आणि देशकालाच्या विशेषात अडकून पडतो. दुसरे 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने प्रेक्षकाचे मन व्यापलेले असणे. ही विघ्ने दूर झाली की साधारणीकरण होते आणि सहृदयाला रसप्रतीती येते. विद्रोही आत्मकथन वाचताना नेमकी हीच दोन विघ्ने वाचनाची द्वारे ठरतात. पीडित समाजातील वाचक निजदुःखाने विवश होऊनच ते वाचतो. पीडक समाजातील वाचकाला हे दुःख परक्याचे आहे, आणि ते परके ठेवण्यात आपला हात आहे, ह्याची जाणीव पानोपानी होत राहते. साधारणीकरण झाले तर ग्रंथ फसला, असेच त्या लेखकाला वाटेल. नाट्यप्रयोगासाठी सिद्ध झालेले शास्त्र सत्यकथनाला जसेच्या तसे लावावे काय, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि मराठी समीक्षेने दलित आत्मकथनांना 'कलात्मक अलिप्तते'चा निकष लावला तेव्हा तिच्या मनात हेच शास्त्र होते. शरणकुमार लिंबाळे ह्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (1996) ह्या ग्रंथात आनंद हा निकष नाकारला, त्यामागे ह्या वादाची दीर्घ परंपरा आहे.

महाराष्ट्राला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा अपरिचित नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (1873) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाविषयी विचारणा केली. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखडे ह्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे ह्यांच्या 'अस्मितादर्श'ने ह्या विचाराला व्यासपीठ दिले. जनार्दन वाघमारे ह्यांनी त्या साहित्याचा स्वतंत्र ग्रंथाने परिचय करून दिला. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांनी 'दलित पँथर'ची स्थापना केली. तिचे नावच अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले होते. दूरच्या एका लढ्याच्या वाचनातून एखादी संघटना स्वतःला नाव देते, ही वाचनाच्या परिणामाची लहानसहान साक्ष नव्हे.

परंतु त्या काळात कृष्णवर्णीयांचे साहित्य केवळ दलित तरुणच वाचीत नव्हते. मराठी पांढरपेशा वाचकालाही त्याचे आकर्षण होते, आणि ते निष्कपट होते. ह्या वाचकाने माल्कमच्या पूर्वजांना दास केले नव्हते. त्याला शाळेत सुतार हो म्हणून सांगणारा शिक्षक त्याच्या जातीचा नव्हता. म्हणूनच त्याला त्या संतापाचे मनापासून कौतुक करता आले. जी तिसरी जागा अमेरिकेतील गोऱ्या वाचकाला मिळत नव्हती, ती सात समुद्रांच्या अंतराने मराठी सवर्ण वाचकाला फुकट मिळाली. साधारणीकरण झाले खरे, पण ते भूगोलाने करून दिले होते.

1978 साली ग्रंथाली वाचक चळवळीने दया पवार ह्यांचे 'बलुतं' प्रसिद्ध केले तेव्हा ते अंतर एकाएकी नाहीसे झाले. बलुते म्हणजे काय हे मराठी वाचकाला टीप देऊन सांगावे लागत नाही. ज्याच्या खळ्यावरून महाराला धान्याचा वाटा घातला जाई, त्याचा नातू हे पुस्तक हाती घेऊन बसला होता. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना ही स्थळे त्याच्याच प्रदेशातील होती. माल्कमच्या संतापाला दाद देणाऱ्या वाचकाला येथे भाषा अर्वाच्य वाटू लागली, तपशील अतिरेकी वाटू लागले आणि कलात्मक अलिप्ततेची आठवण झाली. सर्वांनाच तसे वाटले असे नाही; ह्या पुस्तकाचे मोठ्या मनाने स्वागत करणारे सवर्ण वाचक पुष्कळ होते. मात्र त्या स्वागतातही 'हे आम्हांला माहीतच नव्हते' हा उद्गार वारंवार आढळतो. वेस ओलांडली की जे दिसत होते ते माहीत नसणे, ही एक स्वतंत्रपणे विचारात घ्यावी अशी गोष्ट आहे.

दुसरीकडे, दलित समाजातील सुशिक्षित वाचकाची प्रतिक्रिया सरळ अभिमानाची नव्हती. नुकताच कोठे नोकरीला लागलेला, शहरात भाड्याची खोली मिळविताना आडनाव सांगण्यास कचरणारा हा वाचक ह्या पुस्तकाने उघडा पडला. झाकून ठेवलेले कशासाठी उकरावयाचे, असे त्याने विचारले. ह्या वाचकाला पवारांनी आधीच पुस्तकात घेऊन ठेवले आहे. 'बलुतं'ची रचनाच अशी की, दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार ह्यांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच देहात राहतात, पण त्यांचे जमत नाही. माल्कमला ऐकून घेण्यासाठी हेली हा दुसरा माणूस होता आणि प्रारंभी माल्कमचा त्याच्यावर विश्वासही नव्हता; आईविषयी विचारल्यावर तो प्रथम मोकळा झाला, असे हेली सांगतो. दगडूचा हेली म्हणजे पांढरपेशा झालेला दगडूच होय. म्हणून लाज हा ह्या ग्रंथाचा स्थायी भाव आहे. संताप तिच्यामागून येतो.

ह्यामुळे 'बलुतं' हे क्रांतिकारकाचे आत्मचरित्र म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. माल्कमप्रमाणे येथे साक्षात्कार नाही, नवे नाव धारण करून जुने टाकून देणे नाही. पँथरच्या पिढीचा संताप आधी कवितेत आला. ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 चाच. 1974 मध्ये संघटना फुटली, आणि आत्मकथनांचा ओघ त्यानंतरचा आहे: प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979), लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' (1980), लिंबाळे ह्यांचे 'अक्करमाशी' (1984). घोषणा थांबल्यावर मागे उरलेला माणूस ह्या पुस्तकांत बोलतो. माल्कमच्या आत्मचरित्राने वाचकाला उठून उभे केले असेल. 'बलुतं'ने त्याला खाली पाहावयास लावले. ह्यांपैकी कोणता परिणाम अधिक क्रांतिकारक, हे घाईने ठरवू नये.

एका वाचकवर्गाचा उल्लेख बहुधा राहून जातो. माल्कमच्या आणि पवारांच्याही ग्रंथांत स्त्रिया पुष्कळ आहेत, पण त्या सांगितल्या जातात, सांगत नाहीत. बेबी कांबळे ह्यांनी फलटणमध्ये आपले लेखन सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले. मॅक्सिन बर्नसन ह्यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले आणि 1986 साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच 'माझे' नाही, 'आमुचं' आहे. पतीकडून सोसलेली मारहाण त्यांनी पुस्तकात लिहिली नाही. ती पुढे अनुवादिका माया पंडित ह्यांच्याशी झालेल्या मुलाखतीत सांगितली. आपले पुस्तक कोण वाचणार आहे ह्याचे भान लेखणीला किती आवरते, ते येथे दिसते.

शेजारच्या कन्नडमध्ये हा सारा प्रश्न निराळ्या वाटेने गेला आहे. बंगळूरच्या वस्त्यांत वाढलेले, दलित संघर्ष समितीच्या संस्थापकांपैकी एक असलेले कवी सिद्धलिंगय्या (1954–2021) ह्यांनी 'ऊरु केरी' ह्या आत्मकथनात दारिद्र्याचे प्रसंग हसत हसत सांगितले. ज्यांच्या कवितेने मोर्चे पेटविले त्यांचे हे हास्य पाहून करुणेची तयारी करून आलेला वाचक गोंधळतो; रडावे असे ठरवून तो आलेला असतो आणि लेखक त्याला ती सोय देत नाही. गोऱ्या युवतीला माल्कमने जे एका शब्दात सुनावले तेच येथे विनोदाने साधले आहे.

आता ही पुस्तके भाषांतरांतून दूरवर पोचली आहेत. जेरी पिंटो ह्यांनी केलेला 'बलुतं'चा इंग्रजी अनुवाद 2015 साली आला. त्याच्या दूरदेशीच्या वाचकाला बलुते म्हणजे काय हे समजावून द्यावे लागते, आणि तसे समजावून घेणारा वाचक बलुते देणाऱ्याचा नातू नसतो. माल्कम वाचताना मराठी सवर्णाला मिळालेली निर्दोष जागा आता 'बलुतं' वाचणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मिळते. मराठी मुलगा मात्र तेच पुस्तक अभ्यासक्रमात वाचतो. त्याच वर्गात, त्याच बाकावर, शेजारी बसलेल्या मुलाचे आडनाव त्याला ठाऊक असते.