तान्ह्याचे दूध आणि वडिलांचा वाटा

घरात मूल जन्माला आले की पाळणा हलविण्यास पुष्कळ हात पुढे येतात. परंतु मध्यरात्री ते मूल भुकेने रडू लागले म्हणजे उठावे लागते ते एकट्या आईला. नवजात बालकाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यामुळे दोन-तीन तासांहून अधिक सलग झोप बाळंतिणीच्या वाट्याला क्वचितच येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या अनेक घरांत तर पतिपत्नी दोघेच असतात. अशा घरी एखादी पाळी वडिलांनी आपल्याकडे घ्यावी, हा विचार रास्तच आहे. मात्र तत्पूर्वी आईचे दूध कसे तयार होते हे समजून घेणे अवश्य आहे. नाहीतर ज्या बाटलीने आईला विसावा द्यावयाचा, तीच तिचे दूध आटण्यास कारण होते.

आईचे दूध रांजणातल्या पाण्यासारखे नसते. ते विहिरीच्या झऱ्यासारखे असते, जितके उपसावे तितके येते. मूल चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन द्रव्ये रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणून आरंभीच्या दिवसांत रात्रीचे पाजणे महत्त्वाचे. उलटपक्षी, दूध स्तनात साचून राहिले म्हणजे ‘आता इतकी गरज नाही’ असा शरीराचा समज होतो आणि दूध कमी होऊ लागते. छाती दाटून ठणका लागतो, तो निराळाच.

हे दूध नीट जम धरण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. बाळंतिणीला सव्वा महिना जपावे अशी आपल्याकडील जुनी रीत आहे, तिचा काळही जवळजवळ हाच. या काळात डॉक्टरांनी काही कारणाने वरचे दूध सांगितले नसेल, तर मुलाला शक्यतो अंगावरच पाजावे. जन्मानंतर पहिल्या तासातच पाजण्यास आरंभ करावा आणि सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी, मध, गुळाचे पाणी यांपैकी काहीही या सहा महिन्यांत देऊ नये.

मग वडिलांनी करावे काय? सव्वा महिन्यानंतर आईने काढून ठेवलेले दूध पाजावे. हाताने किंवा पंपाने काढलेले दूध निकस होते, ही समजूत खोटी आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. मातांनी दिलेले दूध तपासून व निर्जंतुक करून तेथे अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बालकांना दिले जाऊ लागले. जे दूध अशा नाजूक जिवांना तारते, ते घरच्या निरोगी मुलाला मानवेल यात शंका नाही. हे दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात पंचवीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चार तास, तर शीतकपाटात चार दिवस टिकते. उन्हाळ्यात ते काढताच शीतकपाटात ठेवावे. पाजण्यापूर्वी भांडे कोमट पाण्यात धरून ऊब आणावी. दूध विस्तवावर उकळू नये.

रात्रीची पाळी पुढीलप्रमाणे लावता येते. आईने नऊच्या सुमारास मुलाला पाजून निजावे. बाराच्या सुमारास वडिलांनी काढलेले दूध पाजावे, ढेकर काढावी, दुपटे बदलावे. पुढची पाळी तीनच्या सुमारास आईने घ्यावी. एवढ्याने तिला पाच-सहा तास सलग झोप मिळते. मधल्या वेळी छाती जड झाली, तर थोडे दूध काढून टाकावे. पाजताना मुलाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि मधूनमधून थांबावे. बाटली उभी धरल्यास दूध भराभर घशात उतरते आणि मूल पुढे अंगावर पिण्याचा आळस करू लागते.

बाटलीच हवी असेही नाही. आपल्या घरोघरी पूर्वी असलेले बोंडले किंवा साधी वाटी-चमचा या कामी अधिक बरी. कारण बाटलीच्या बुचात व खाचांत दूध अडकून जंतू वाढतात, तर वाटी सहज घासता व उकळता येते. बाटल्यांचा व डब्याच्या दुधाचा होणारा गाजावाजा रोखण्यासाठी भारतात १९९२ साली कायदा झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

डब्याचे दूध देण्याची वेळ आलीच, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून ते सत्तर अंशांखाली निवण्यापूर्वीच तीत मिसळावे आणि मग कोमट करून पाजावे. माप डब्यातल्याच चमच्याचे धरावे. काटकसर म्हणून दूध पातळ केले, तर मुलाची उपासमार होते. उरलेले दूध टाकून द्यावे. अंगावरची पाळी एकदम तोडू नये. एका वेळी एकच पाळी बदलावी व काही दिवस जाऊ द्यावेत. दिवसातून एखादी पाळी वरच्या दुधाची झाली म्हणून अंगावरचे पाजणे सोडण्याचे कारण नाही. जेवढे आईचे दूध पोटात जाईल तेवढे हिताचेच. पहिल्या आठवड्यानंतर मूल दिवसातून सहा वेळा तरी लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे समजावे. तसे नसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

२०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. रजा संपवून आई कामावर परतते, तेव्हा दूध काढून ठेवण्याची आणि वडिलांच्या हातून पिण्याची सवय असलेल्या घरात ओढाताण होत नाही. पहिल्या सव्वा महिन्यातही वडिलांना काम पुष्कळ आहे. रात्री मूल उचलून आईजवळ देणे, तिला पाण्याचा तांब्या आणून देणे, पाजून झाल्यावर मुलाला खांद्यावर घेऊन निजविणे, यासाठी बाटली लागत नाही. हे वडिलांनी पहिल्या दिवसापासून हाती घेतले, तर आईची झोप वाढेल आणि दूधही आटणार नाही.