सौदीतला अपघात: ड्युटीवर की ड्युटीबाहेर?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि तो गेला. भरपाई आयुक्तांनी त्याच्या कुटुंबाला पैसे मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. घरापासून कामापर्यंतच्या रस्त्यावरचा अपघातही, वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल, तर नोकरीतलाच धरावा, असे न्यायालय म्हणाले. हा निकाल यायला बावीस वर्षे लागली.

हीच तरतूद सौदी अरेबियाच्या 2000 सालच्या सामाजिक विमा कायद्यात थेट लिहिलेली आहे. घर ते काम आणि काम ते घर हा रस्ता तर त्यात आहेच, शिवाय कामगार नेहमी जिथे जेवतो किंवा नमाज पढतो तिथे जाण्यायेण्याचा रस्ताही आहे. जानेवारी 2025 मध्ये जिझानजवळ कामावर निघालेल्या कामगारांच्या बसला अपघात झाला आणि नऊ भारतीय गेले. अशा मृत्यूंना कामावरचाच मृत्यू मानायला या कायद्यात जागा आहे.

कायद्याचा हा भाग चांगला आहे, हे मान्यच केले पाहिजे. चिंता आहे ती या रस्त्याच्या पलीकडची. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बाजारात गेलेला वेल्डर, रात्री कँपच्या न्हाणीघरात घसरून पडलेला प्लंबर, मित्राच्या गाडीतून दमामला निघालेला स्टोअरकीपर, यांची हाडे मोडली तर खर्च आणि पगार कोणी द्यायचा?

यासाठी मालकाच्या पगारपत्रकात डोकवावे लागते. सामाजिक विम्याचा कारभार ‘गोसी’ ही सरकारी संस्था पाहते. तिथे दोन मोठ्या शाखा आहेत. पहिली निवृत्तिवेतनाची. म्हातारपण, मृत्यू आणि कामाशी संबंध नसलेले अपंगत्व तिच्यात येते. तिचा हप्ता मालक आणि कामगार दोघे भरतात, पण ती फक्त सौदी नागरिकांसाठी आहे. परदेशी कामगार आधी तिच्यात होते, 1987 मध्ये त्यांना बाहेर काढण्यात आले. दुसरी शाखा व्यावसायिक धोक्यांची. ती सौदी आणि परदेशी दोघांनाही लागू आहे आणि तिचा दोन टक्के हप्ता पूर्णपणे मालकाने भरायचा असतो. नव्या कायद्यानुसार 2025च्या जुलैपासून हप्ता वाढू लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कोकणातल्या अनेक घरांतून ‘आमच्या मुलाचा पगार कापणार का?’ अशी विचारणा झाली असेल. ती वाढ निवृत्तिवेतन शाखेतली आहे. आपल्या माणसांचा तिच्याशी संबंध नाही.

म्हणजे ड्युटीबाहेर जखमी झालेल्या सौदी कामगाराला, हप्त्यांची अट पूर्ण झाली असेल तर, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याच्याच शेजारी काम करणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला ते मिळत नाही. त्याच्यासाठी उरतो मालकाने काढलेला आरोग्य विमा आणि कामगार कायद्यातली आजारपणाची रजा. ही रजा वर्षाला 120 दिवसांची आहे. पहिले तीस दिवस पूर्ण पगार, पुढचे साठ दिवस पाऊण पगार आणि शेवटचे तीस दिवस बिनपगारी. तेवढ्या काळात आजारपणाच्या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही. हे पैसे विमा संस्था देत नाही, ते मालकाच्या खिशातून जातात. त्यामुळे ड्युटीबाहेरच्या इजेत पगार विभागाचे काम केवळ नोंदी ठेवण्याचे नसते, ती थेट देणी असतात.

एक हिशेब मांडून पाहू. मूळ पगार 2,000 रियाल आणि घरभाडे 500, म्हणजे विम्यासाठी धरला जाणारा पगार 2,500. मालकाचा महिन्याचा हप्ता 50 रियाल. या माणसाचा पाय साइटवर किंवा साइटच्या रस्त्यावर मोडला, तर गोसी उपचार करते आणि बरा होईपर्यंत रोजचा भत्ता देते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर परदेशी कामगाराला 84 महिन्यांच्या पगाराइतकी एकरकमी भरपाई मिळते. तिची मर्यादा 3,30,000 रियाल. या उदाहरणात ती 2,10,000 रियाल होते. तोच पाय शुक्रवारी बाजारात मोडला, तर घरभाडे धरून चार महिन्यांत हातात येतात 6,250 रियाल. त्यानंतर असमर्थतेचा दाखला, करार समाप्त, सेवेचा हिशेब आणि परतीचे तिकीट.

याच ठिकाणी पगारपत्रकातली एक सवय फार महागात पडते. मूळ पगार आणि घरभाडे कमी दाखवायचे आणि उरलेली रक्कम ‘इतर भत्ते’ या रकान्यात टाकायची. वरच्याच कामगाराचे 2,500 ऐवजी 1,500 दाखवले, तर मालकाचे महिन्याला 20 रियाल वाचतात. अपंगत्वाची भरपाई मात्र 1,26,000 रियालवर येते. वीस रियालांच्या बचतीपायी एका कुटुंबाचे 84,000 रियाल जातात. हा प्रकार कामगाराला कळतो तो अपघातानंतर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण तारखेची. कामगाराने इजा झाल्यापासून सात दिवसांत मालकाला कळवायचे आणि मालकाने कळल्यापासून तीन दिवसांत गोसीला. सकाळी सहा वाजता कँपमधून निघालेली बस उलटली, याची साक्ष कँपचा फोरमन, बसचा चालक आणि हजेरीपट देतात. आठवड्याभरात फोरमनची बदली होते, हजेरीपटावर ‘गैरहजर’ लागते आणि कामावरची इजा खासगी होऊन जाते. ह्यूमन राइट्स वॉचने मे 2025 मध्ये सौदीतल्या कामगारांच्या मृत्यूंवर अहवाल दिला. चौकशीविना ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदलेले मृत्यू आणि भरपाईविना राहिलेली कुटुंबे, हाच त्याचा मुद्दा आहे. 2034च्या विश्वचषक फुटबॉलसाठी स्टेडियमची कामे वाढणार आहेत, तशी ही प्रकरणेही वाढतील. घरगुती ड्रायव्हर आणि मोलकरणी तर गोसीच्या बाहेरच आहेत.

मग ड्युटीबाहेरच्या अपघाताला आधार कोणाचा? आधार आपल्याच देशात आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला दहा लाख रुपये मिळतात. मालक कोण आणि अपघात कुठे झाला याची अट नाही. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते, म्हणजे मुख्यतः जे दहावी पास नाहीत, त्यांना सौदीला जाताना ही पॉलिसी सक्तीची आहे. पण चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धन इथून जाणारी आजची बरीचशी मुले दहावी पास आहेत, आयटीआय झालेली आहेत. त्यांना सक्ती नाही, म्हणून पॉलिसीही नाही. शिकलेल्या मुलाला न शिकलेल्यापेक्षा कमी संरक्षण मिळावे, हे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही.

ज्यांच्या घरचे कोणी सौदीत आहे त्यांनी आजच फोन करून विचारावे: करारात मूळ पगार आणि घरभाडे किती लिहिले आहे? गोसीच्या ॲपवर तोच आकडा दिसतो का? पॉलिसी काढली असेल तर तिची प्रत घरी आहे का, वारस कोणाचे नाव आहे, की कागद मुंबईतल्या एजंटाच्या फायलीतच राहिला? अपघात झालाच तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरून मालकाला लेखी कळवावे आणि तो संदेश जपून ठेवावा. आणि प्रवासी भारतीय विमा दहावी पास कामगारांनाही सक्तीचा करावा, ही मागणी रत्नागिरी आणि रायगडच्या खासदारांनी संसदेत मांडावी.