साठ फलक, साठ वाक्ये : चित्र आणि कवितेतून शिकवलेला कृष्णवर्णीयांचा इतिहास

अमेरिकेत फेब्रुवारी हा 'ब्लॅक हिस्टरी मंथ' म्हणून पाळला जातो. १९२६ साली कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने त्याची सुरुवात एका आठवड्यापासून केली. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले, ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेले आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले. पाठ्यपुस्तकांनी वगळलेला इतिहास मुलांपर्यंत पोहोचावा, ही त्यांची धडपड होती. १९७६ पासून आठवड्याचा महिना झाला.

महिना मिळाला, पण त्यासोबत एक दुखणेही आले. अनेक शाळांत फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांची चित्रे भिंतीवर चढतात, मुले ती रंगवतात आणि मार्च लागला की ती उतरतात. हे वाचताना आपल्याला १४ एप्रिलची चित्रकला स्पर्धा आठवली नाही तरच नवल. निळा कोट, काखेत संविधान, वर केलेले बोट. शंभर मुले आणि शंभर सारखी चित्रे. मुलांचे प्रेम खरे असते, त्याबद्दल शंका नाही. पण त्या चित्रात मुलाच्या आजीचा, त्याच्या वस्तीचा, तो या शहरात कसा आला याचा पत्ता कुठे असतो?

यावर एक वेगळी वाट जेकब लॉरेन्स या चित्रकाराच्या कामातून निघाली. त्याची चित्रे आज अमेरिकेतल्या अनेक वर्गांत इतिहास, चित्रकला आणि कविता एकत्र शिकवण्यासाठी वापरली जातात. पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडची गावे आणि कापसाची शेते सोडून शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट अशा शहरांकडे गेले. याला 'महास्थलांतर' म्हणतात. लॉरेन्सचे आईवडील त्यातलेच. तो हार्लेममध्ये वाढला आणि शाळा सुटल्यावर चालणाऱ्या मुलांच्या केंद्रात चित्रकला शिकला. १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने या स्थलांतरावर ६० छोटे फलक रंगवले. प्रत्येक फलकाखाली एक छोटी ओळ, बहुधा एकाच वाक्याची. आज त्यातले विषम क्रमांकाचे फलक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत, तर सम क्रमांकाचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात.

वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची काम करण्याची रीत. हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात तो महिनोन्महिने बसला आणि टिपणे काढली. मग वाक्ये लिहिली. ती वाक्ये घडवण्यात आणि फलक तयार करण्यात पुढे त्याची पत्नी झालेली चित्रकार ग्वेन्डोलिन नाइट हिची साथ होती. चित्रे त्यानंतर आली. आणि तीसुद्धा एकेक पूर्ण करत नाही, तर साठही फलक मांडून आधी एक रंग सगळीकडे, मग दुसरा. म्हणून सगळी मालिका एकाच हाताची, एकाच गोष्टीची वाटते.

हाच क्रम शाळेत पाळता येतो. मूल आधी वाचते किंवा घरातल्या माणसाला विचारते, मग एकच वाक्य लिहिते आणि त्या वाक्याचे चित्र काढते. एका वाक्याची अट कठीण आहे, पण तिच्यामुळेच मुलाला ठरवावे लागते की नेमके काय घडले आणि कोणी केले. 'अन्याय झाला' असे लिहून भागत नाही.

पंधराव्या फलकाचेच बघा. विषय आहे झुंडीने दिलेली फाशी. चित्रात प्रेत नाही. एक उघडी फांदी, तिला लोंबणारा दोर आणि खाली अंग आखडून बसलेला एकटा माणूस. 'त्याने मेलेला माणूस का नाही दाखवला?' या एका प्रश्नावर वर्गात तासभर बोलणे होऊ शकते. खैरलांजीनंतर जी छायाचित्रे हातोहात फिरली, ती पाहिलेल्या आपल्या पिढीनेही या प्रश्नाशी थोडे थांबावे.

कविता इथे तिसरी पायरी म्हणून येते. लँग्स्टन ह्यूज या कवीने याच स्थलांतरावर लिहिले, आणि १९४९ च्या त्याच्या 'वन-वे तिकीट' या संग्रहासाठी चित्रे लॉरेन्सनेच काढली. २०१५ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने हे साठही फलक एकत्र मांडले, तेव्हा रिटा डव्ह, नताशा ट्रेथवे यांच्यासह दहा कवींकडून त्यावर नव्या कविता लिहून घेतल्या. मुलांनाही तेच सांगता येते : फलकातले एक माणूस निवडा आणि त्याला काय दिसते, काय ऐकू येते ते लिहा. पहिल्या फलकात रेल्वे स्थानकावर प्रचंड गर्दी आहे. तिथल्या बाईच्या हातातल्या बोचक्यात काय असेल, इथूनही कविता सुरू होते.

मात्र साक्षीदाराच्या जागेवरून लिहिणे वेगळे आणि मुलांना पीडित बनवून उभे करणे वेगळे. २०१९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खाजगी शाळेत कृष्णवर्णीय मुलांना गुलामांच्या लिलावाचे नाटक करायला लावले गेले, आणि प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले. इतिहास 'अनुभवायला' द्यायच्या नादात मुलाचा अपमान पुन्हा करण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही.

हे सगळे आज तिथे निर्धोकपणे चाललेले नाही. २०२१ पासून अनेक राज्यांनी वर्गात वंशभेदाबद्दल काय बोलावे यावर कायद्याने बंधने घातली. २०२३ मध्ये फ्लोरिडाने कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा उच्च माध्यमिक पातळीवरचा नवा अभ्यासक्रम नाकारला. त्याच वर्षी त्याच राज्यातल्या एका शाळेत, राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत वाचली गेलेली अमांडा गोरमनची कविता एका पालकाच्या तक्रारीवरून लहान मुलांच्या कपाटातून हलवण्यात आली. कवितेची भीती वाटते ती अशी.

आपले आणि त्यांचे नाते जुने आहे. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र, १९७२ ची दलित पँथर, हे कार्यकर्त्यांना पाठ आहे. मला मात्र भाषणातल्या या दाखल्यांपेक्षा स्थलांतराची गोष्ट जास्त जवळची वाटते. गाव सोडा, असे बाबासाहेब आपल्या लोकांना सांगत होते, आणि आपले आजे-पणजे गिरण्यांत, रेल्वेत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत, गोदीत आलेही. शहराने सगळे दिले असेही नाही. लॉरेन्सच्या एकोणपन्नासाव्या फलकात उत्तरेतल्या खानावळीत गोरे आणि काळे यांच्यामध्ये पिवळा दोर बांधलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत असा दोर दिसत नव्हता, पण साचाखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्टा धागा इतरांना चालत नसे. तिथे मजुरी जास्त होती, हे विशेष. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

हे वाक्य कोणत्या मुलाच्या वहीत आहे? त्याचे चित्र कसे निघेल?

विहारातल्या अभ्यासिकेत किंवा बालवर्गात यासाठी आठ रविवार पुरतात. पहिले दोन आजी-आजोबांना विचारण्यात जावेत : गाव कोणते, कोणत्या साली निघालात, सोबत काय आणले, पहिले काम कोणते, जात कोणी कधी विचारली. आजोबा काही गोष्टी सांगणार नाहीत, त्यांना खोदू नये. तिसऱ्या रविवारी वाक्ये, आणि ती मोठ्याने वाचून खोडायची. मग चित्रे, सगळ्यांची मिळून चार-पाचच रंगांत, म्हणजे भिंतीवर ती एकत्र दिसतील. शेवटचे दोन रविवार कवितेला. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावी, ताईने उतरून घ्यावी. खर्च फारसा नाही. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पाने चित्रांना चांगली चालतात.