कालयंत्र चिकपेटला थांबेल का?

समजा, बंगळूरच्या चिकपेटमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या मेट्रो स्टेशनाबाहेर एक कालयंत्र उभे आहे. तुम्ही आत बसलात आणि १६४० हे साल निवडलेत. मराठी माणूस दुसरे कोणते साल निवडणार? बंगळूर तेव्हा शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि त्यांचा गौरी महाल याच भागात होता, असे सांगतात. कळ दाबली, दार उघडले आणि बाहेर पाहता तो ना महाल, ना पेठ. नुसती काळीकुट्ट पोकळी!

कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आहे. एका मिनिटात ती १,८०० किलोमीटर पुढे जाते, म्हणजे चिकपेटहून पुण्याला जाऊन परत येण्यापेक्षाही जास्त. यंत्र फक्त काळात मागे गेले, तर पृथ्वी तेथे सापडणार कशी? वर्षाने ती त्याच जागी परत येते म्हणाल, तर सूर्य तरी कुठे स्वस्थ बसला आहे!

सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या १९९१ च्या ‘आदित्य ३६९’ या तेलुगू चित्रपटात नायक-नायिका कृष्णदेवरायांच्या १५२६ सालात जातात आणि मग २५०४ सालातही. पृथ्वी निसटल्याची तक्रार कोणी केली नाही आणि करूही नये. कालयंत्र ही एक अशक्य गोष्ट मान्य करूनच आपण तिकीट काढलेले असते.

खटकते ते वेगळेच. ‘बॅक टु द फ्यूचर’ (१९८५) मध्ये मुलगा १९५५ सालात जाऊन आपल्याच आईवडिलांची जोडी जमवतो. मग पुढे तोच चेहरा घेऊन पोटचा मुलगा समोर वाढतो आणि दोघांना काहीच आठवत नाही? लेखक बॉब गेल यांनी २०२० साली खुलासा केला की, त्यांनी त्या मुलाला जेमतेम आठवडाभरच पाहिले होते. पटते? आपल्याकडे बारशाला आलेली लांबची आत्याही पाळण्यात डोकावून ‘नाक अगदी आजोबांचे’ म्हणते! येथे चूक विज्ञानाची नाही, माणसाच्या स्वभावाची आहे, म्हणूनच ती जास्त टोचते.

चिकपेटमध्ये रेशमी साडी घेताना आपण पदर उलटा करून जर तपासतो. सिनेमागृहात मात्र मुलाने शंका काढली, की ‘गप्प बस, सिनेमा आहे’ म्हणून दटावतो.

उलटी बाजूही नीट विणणारे लेखक असतात. तमिळ लेखक सुजाता हे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता होते. मतदान यंत्राच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१० च्या ‘एंदिरन’च्या, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’च्या, संवादांत त्यांचा वाटा आहे. त्यात यंत्रमानव चिट्टी आगीतून स्नान करणाऱ्या मुलीला वाचवतो आणि तशीच सर्वांसमोर आणतो. लाजेने ती धावत सुटते आणि गाडीखाली सापडते. यंत्राला हुकूम कळतो, लाज कळत नाही. मानलेल्या कल्पनेतून जे निघायला हवे तेच निघाले, म्हणून हा प्रसंग काळजाला भिडतो. शेकडो चिट्टींचा गोळा गडगडू लागतो तेव्हा तमाशा उरतो, कथा सुटते.

याच मालिकेतल्या ‘२.०’ (२०१८) मध्ये लोकांच्या हातातले मोबाइल पाखरांसारखे उडून जातात. ते कोणी खरे मानत नाही. पण टॉवरच्या लहरींनी पक्षी मरतात, हे त्यात पक्षितज्ज्ञाच्या तोंडून, शास्त्र म्हणून येते. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने त्यावर सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती. कंपन्यांना त्यांचा धंदा प्यारा, हे उघड आहे. तरी टॉवरमुळे पक्षी कमी झाले, असे सिद्ध झालेले नाही. नष्ट होणारी झाडे-झुडपे आणि शेतातली कीटकनाशके ही कारणे मात्र ठाऊक आहेत, पण त्यांवर कोण सिनेमा काढतो? घरी परतताना मुलाने चिमण्यांबद्दल विचारले, तर सांगण्यासारखे आहे ते हे.