एका पाकळीचे टाके किती?



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून खेळण्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही ते वाटले असते. सोलापुरात आमच्या विडी कामगार भगिनींची सभा आटोपली होती. एक तेलुगूभाषी बाई मागे रेंगाळली. तिने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. तो क्रोशाने विणलेला पाणघोडा होता. हातभर लांब, पोटात गच्च कापूस, आणि नाकापासून शेपटीपर्यंत लाल, पिवळी, निळी, हिरवी फुलेच फुले.

"दादा, सूत व्यापाऱ्याचं, हात माझा. एकाचे दोनशे साठ देतो म्हणतोय. घेऊ का नको?"

मला उत्तर देता येईना. विडीचा दर हजारी असतो, कापडाचा मीटरवर असतो. या जनावराचे माप कोणते? माप ठाऊक नसेल तर दर ठरत नाही, आणि दर ठरला नाही तर समोरचा देईल ते घ्यावे लागते. म्हणून मी तिच्यापुढे बसलो आणि ते काम समजावून घेतले. जे समजले, तेच आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम विणीची गोष्ट. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची अख्खी रांग सुईवर उघडी राहते. म्हणून त्याचे यंत्र फार पूर्वीच निघाले. क्रोशाचे तसे नाही. आकडीच्या एकाच सुईवर एक टाका पुरा करायचा, मगच दुसऱ्याला हात घालायचा. पुढचा टाका कोठे घ्यावयाचा, हे दर वेळी डोळ्याने पाहून बोटांनी ठरवावे लागते. बाजारात यंत्राच्या जाळ्या क्रोशासारख्या दिसतात, पण त्यांची वीण निराळी असते. अशा पाणघोड्यातला टाका न् टाका कोणाच्या तरी हाताने घातलेला असतो, हे मनात पक्के धरावे.

आता फूल पाहू. याला 'आफ्रिकन फूल' असे नाव पडले आहे. मध्ये एक लहानसे कडे करतात. पहिल्या फेरीत त्या कड्यात दोन-दोन खांबांच्या सहा जोड्या घालतात आणि जोडी-जोडीमध्ये एक साखळी सोडतात. झाले 12 खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक साखळीच्या फटीत दोन खांब, एक साखळी, पुन्हा दोन खांब. हे झाले 24. तिसऱ्या फेरीत प्रत्येक फटीत एकदम सात खांब. तेवढ्या जागेत सात मावत नाहीत, ते पंख्यासारखे फाकतात, आणि तीच पाकळी. हे 42. चौथ्या फेरीत रंग बदलून प्रत्येक खांबावर एक आखूड टाका, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये एक लांब टाका थेट खालपर्यंत ओढून घेतात. त्या ओढीनेच पाकळ्या सुट्या दिसतात. हे 48. शेवटी काठ: 48 खांब आणि सहा कोपऱ्यांवर एकेक जादा, म्हणजे 54. बेरीज 180. पाकळ्या सहा. एका पाकळीमागे बरोबर 30 टाके.

सहा पाकळ्यांच्या फुलाला सहा बाजू येतात. अशी तीन फुले एका कोपऱ्यावर भेटली की सपाट बसतात. 120 अंशांचे तीन कोन मिळून 360 होतात. त्यांची चादर होईल, प्राणी होणार नाही. प्राण्याला पोट हवे, पाठ हवी. म्हणून जेथे फुगवटा पाहिजे तेथे एक पाकळी कमी करून पाच पाकळ्यांचे फूल घालतात. त्याचा कोन 108 अंशांचा. 12 अंश कमी पडले की कापड आपोआप उचलते. उलट जेथे खोलगट वळण हवे, मान किंवा पायाचा सांधा, तेथे सात पाकळ्यांचे फूल घालतात. कापड घोड्याच्या खोगिरासारखे वळते. प्रत्येक कोपऱ्यावर तीन फुले भेटत असतील आणि अंग सगळीकडून बंद असेल, तर पाच पाकळ्यांच्या फुलांची संख्या सात पाकळ्यांच्या फुलांहून नेमकी 12 ने जास्त येते. हा भूमितीचा नियम आहे. काळ्यापांढऱ्या फुटबॉलात पंचकोन 12 आणि षट्कोन 20 असतात, ते यामुळेच. आमच्या पाणघोड्याची फुले मी खडूने खुणा करून मोजली: सहा पाकळ्यांची 28, पाच पाकळ्यांची 16, सात पाकळ्यांची 4. त्या बाईने शाळेत भूमिती शिकलेली नव्हती. नियम मात्र तिच्या बोटांनी पाळलेला होता.

अशा सुट्या फुलांचा इतिहासही सुटा नाही. आयर्लंडात 1845 साली बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा उपासमारीवर इलाज म्हणून खेड्यापाड्यांतल्या बायकांना क्रोशा शिकविण्यात आला. एकीने फूल विणावे, दुसरीने पान, तिसरीने ते जाळीने जोडावे. एकच फूल शिकलेल्या बाईलाही चार पैसे मिळू लागले, हा त्यातला गुण. पण पुरी लेस कितीला विकली गेली हे फूल विणणारीला कळत नसे, हा त्यातलाच दोष.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला नेली. तेथेही फुले विणणाऱ्या निराळ्या आणि जोडणाऱ्या निराळ्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील बायकांवर लिहिलेले पुस्तक 1982 साली निघाले. जगाच्या बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या बायकांना सारे 'गृहिणी' म्हणतात आणि त्यांच्या श्रमाला 'फावल्या वेळचा उद्योग', हे त्यांनी दाखवून दिले. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले, याचा आनंद आहे. विणणारीचे नाव अजून 'गृहिणी'च आहे.

मी हे दुसऱ्यांना सांगतो, पण माझी आईही रात्री कंदिलापाशी बसून लोकांची तोरणे विणीत असे. त्या पैशांतून माझी पुस्तके आली. तरी "आई काय करते?" असे कोणी विचारले की मी "काही नाही, घरीच असते" असे सांगत असे.

आता हिशेब. एकूण पाकळ्या 276, टाके 8280. घड्याळ लावून पाहिले, तर रंग बदलणे आणि धाग्यांची टोके लपविणे धरून एका पाकळीला चार मिनिटे लागतात. म्हणजे सुमारे साडेअठरा तास. जोडणे, कापूस भरणे, कान, डोळे, शेपूट यांना साडेसात तास. एकूण 26 तास, मजुरी 260 रुपये. तासाला दहा रुपये! बाई गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, मी कधी मोजलंच नव्हतं."

त्या वस्तीतल्या अकरा जणी एकत्र आल्या. त्यांनी पाकळीला दोन रुपये आणि जोडकामाचे दीडशे वेगळे मागितले. व्यापाऱ्याने दीड महिना काम बंद ठेवले. दोघी जुन्या दराला परत गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरी चूल पेटायची होती. शेवटी पाकळीला दीड रुपया आणि जोडकामाचे शंभर, यावर मिटले. एका पाणघोड्याचे 514 रुपये झाले. तासाला वीस रुपयेही पुरते पडत नाहीत. याला विजय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण एक गोष्ट झाली. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला 1966 च्या कायद्याने कामगार मानले. तिची विडी मोजता येत होती, म्हणून दराचे भांडण उभे राहू शकले. आता पाकळीही मोजता येते. पुढच्या वेळी या बायका "तुम्ही द्याल ते" असे म्हणणार नाहीत. पाकळ्या किती, ते आधी सांगतील.

आपणही दुकानात असे रंगीत जनावर उचलाल, तेव्हा किंमत पाहण्यापूर्वी त्याची फुले मोजा. आणि आपल्या घरात कोणी विणीत बसली असेल, तर ती काय करते असे विचारणाऱ्याला "काही नाही" असे सांगू नका.