जुन्या गाडीचं नवं काळीज : बदलावं की सांभाळावं?

‘गाडी जुनी झाली ना? मग इंजिन बदलून टाक!’ हा सल्ला आपल्या रत्नागिरीत चहाइतक्या सहज मिळतो. स्टँडजवळच्या टपरीवर मिळतो, लग्नाच्या पंगतीत मिळतो, आणि आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये तर फुकट मिळतो! सल्ला देणारा सहसा इंजिनचं नाव आणि हॉर्सपॉवर सांगतो. पुढचं कोणी सांगत नाही. ते ‘पुढचं’ म्हणजेच हा लेख.

माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली. त्यामुळे ‘कम्प्रेशन’, ‘टॉर्क’ हे शब्द मला पुस्तकातून कळले. पण ‘गाडी मिसिंग मारते’, ‘पिकअप बसला’, ‘पाटे बसले’, ‘इंजिनकाम निघालं’ ही भाषा मी गॅरेजमध्ये शिकले. खरं सांगू? दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात, फक्त गॅरेजवाला ती कानाने ऐकतो आणि आपण सूत्राने. दोन्ही एकत्र आणून बघू या.

कंपन्यांनीही हेच केलं!

इंजिन बदलणं म्हणजे काहीतरी चोरटा उद्योग, असं समजू नका. आपल्या देशातल्या मोठ्या कंपन्यांनी तेच केलंय. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याला फियाटच्या गाड्या बनवल्या. १९७४ पासून त्यातल्या एकीचं नाव पडलं ‘पद्मिनी’. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, साधारण ४० अश्वशक्ती, आणि स्टीअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा. याच कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ आणली. बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी, सुमारे ५२ अश्वशक्ती. म्हणजे इटलीचं शरीर आणि जपानचं काळीज! अ‍ॅम्बेसेडरनेही १९९२ मध्ये जुन्या ब्रिटिश इंजिनाच्या जोडीला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन घेतलं. आणि जीप? महिंद्राच्या मूळ पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिनं आली, त्यातलं प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन सगळ्यांच्या माहितीचं आहे.

मग कंपनीने केलं ते चाललं आणि नाक्यावरच्या गॅरेजने केलं की गाडी का रडते? कारण कंपनीने फक्त इंजिन बदललं नाही. इसुझू इंजिनबरोबर अ‍ॅम्बेसेडरला पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळाला. गाडी ही एक साखळी आहे. एक कडी जाड केली की जोर पुढच्या बारीक कडीवर येतो. माझ्या लेखाचं सगळं सार या एका वाक्यात आहे, बाकी फक्त उदाहरणं.

पहिली कडी : गिअर आणि वेग

जुन्या सीजे-३बी जीपचं उदाहरण घेऊ. तिच्या मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ५.३८, म्हणजे इंजिनकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. टायर ६.००-१६, म्हणजे एका फेरीत गाडी सुमारे २.२३ मीटर पुढे जाते. पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना टॉप गिअरमध्ये वेग येतो ताशी साधारण १०० किलोमीटर. आता तिथे ट्रॅक्टरच्या जातीचं, २५०० फेऱ्यांवरच दम संपणारं डिझेल इंजिन बसवा. कागदावर करून बघा, वेग येतो ताशी ६२! इंजिन कितीही ताकदवान असो, जीप ६२ च्या वर जाणार नाही आणि मालक म्हणणार, ‘इंजिनमध्ये दम नाय.’ दम आहे हो, गिअरचं गणित चुकलंय.

शिवाय डिझेल इंजिन वजनाला जड असतं. पुढचे पाटे बसतात, स्टीअरिंग जड होतं, आणि माउंटिंगचे रबर त्या इंजिनासाठी नसले तर आरशात मागची गाडी एकाची दोन दिसते.

दुसरी कडी : उष्णता

पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा थंड करायच्या पाण्यात जातो. ४० च्या जागी ५२ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं, तर साधारण तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे ३० टक्के जास्त उष्णता रेडिएटरने बाहेर फेकायला हवी. रेडिएटर मात्र जुनाच, त्यात अर्ध्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. सपाटीवर काही कळत नाही. आंबा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागलात की बोनेटमधून वाफ!

तिसरी कडी : ब्रेक (हा भाग दोनदा वाचा)

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण अकरावीतच शिकलो. वेग ८० वरून १०० केला तर वाढ २५ टक्के, पण ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा ५६ टक्के जास्त.

आणि आपल्याकडे घाट आहेत. गाडी आणि आतली माणसं मिळून १००० किलो धरा आणि ५०० मीटरचा उतार धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, म्हणजे ४९ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत साधारण १५ लिटर पाणी उकळीला येतं! ही सगळी उष्णता जुन्या ड्रम ब्रेकवर टाकायची का? म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

त्यात कोकणाची हवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फळीला टेकतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं ही चैन नाही, गरज आहे.

चौथी कडी : कागद

इथे बरेच जण अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची तर मान्यताप्राप्त किट लागतं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत विचारा, आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे वाचवलेले पैसे एका दिवसात गेले.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही फी १०,००० रुपये झाली आहे. आणखी एक मजेची गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असेल तरच! इंजिन बदललं की तो दरवाजा बंद.

आमच्या घरची पद्मिनी

आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी नुसती पुस्तकी बोलते. तर ऐका. लांज्याला आमच्या घरी आजोबांची १९८४ ची पद्मिनी आहे. आजोबांना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, आणि एसटीत त्यांची कंबर धरते. गाडी चढाला ओढत नव्हती, मिसिंग मारत होती. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, ‘इंजिन गेलं. ११८ एनईचं टाकू या.’ बाबा म्हणाले, भंगारात देऊ. आजोबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

काका आणि मी ठरवलं, आधी मोजायचं, मग बोलायचं. चारही प्लग काढले आणि कम्प्रेशन गेज लावला. दोन सिलिंडर ठीक, दोन कमी. मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. ही युक्ती लक्षात ठेवा. ऑइलने प्रेशर वाढलं तर गळती पिस्टन रिंगमधून, म्हणजे मोठं काम. नाही वाढलं तर दोष बहुतेक व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. आमचं वाढलं नाही. हेड उतरवलं तर दोन व्हॉल्व्हच्या कडा जळलेल्या! व्हॉल्व्ह बदलले, सीट घासून घेतल्या, नवी गॅस्केट टाकली. खर्च इंजिन बदलण्याच्या निम्म्याहून बराच कमी.

पण जॅकवर गाडी चढवली तेव्हा खरा रोग दिसला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आरपार गेला. म्हणजे नवं इंजिन टाकलं असतं तर ते चाळणीवर बसवल्यासारखं झालं असतं! कोकणात गाडी इंजिनने मरत नाही, गंजाने मरते. उरलेले पैसे आम्ही पत्रा कापून वेल्डिंग करण्यात आणि चारही चाकांच्या ब्रेकवर घातले. आजोबा आता त्याच गाडीने कोल्हापूरला जातात. घाटात मागचा पोरगा हॉर्न मारतो, तर मारू दे.

घरी काय करता येईल?

१. पावसाआधी आणि पावसानंतर गाडी खालून धुवा. दरवाज्यांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. चिखल साचला की पत्रा आतून कुजतो.

२. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा तपासा. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आलं आहे. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभी राहणारी गाडी टाकीतून गंजते. इथेनॉलला चालणारे पाइप घ्या आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

३. उन्हाळ्यात चढावर गाडी बंद पडली आणि सुरूच होईना, तर बहुतेक पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओला फडका ठेवा, दहा मिनिटं थांबा. टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय आहे, आणि त्यामागे शुद्ध थर्मोडायनॅमिक्स आहे.

४. पॉइंट, प्लग, एअर फिल्टर हे स्वतः करा. ‘पिकअप नाही’ या तक्रारीतल्या कित्येक इथेच संपतात.

५. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. आणि चिऱ्यावर तर गाडी कधीच टेकवू नका! जांभा घराच्या भिंतीला चांगला, पण एका टोकावर भार आला की फुटतो. पक्के स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके वापरा.

६. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काढलेलं काळं ऑइल पऱ्यात ओतू नका. त्याच पऱ्याचं पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

मग इंजिन बदलूच नये का?

बदला की! ब्लॉकला तडा गेलाय, सुटे भाग मिळतच नाहीत, तर दुसरा मार्ग नाही. पण क्रम पाळा. आधी पत्रा, मग ब्रेक, मग रेडिएटर, मग गिअरचं गणित, मग आरटीओ, आणि शेवटी इंजिन. शक्यतो त्याच घराण्याचं आणि त्याच जातीचं घ्या, म्हणजे साखळीच्या बाकीच्या कड्या ताणल्या जाणार नाहीत.

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. तिचं इंजिन संपलं म्हणून नाही, २० वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. इतकी वर्षं त्या गाड्या कशावर चालल्या? भारी इंजिनावर नव्हे. रोज सकाळी बोनेट उघडून पाणी-ऑइल बघणाऱ्या माणसांवर.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की मागीलदारी ताडपत्रीखाली झाकलेली ती जुनी गाडी एकदा उघडा. स्पॅनर हातात घेण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन गाडीखालचा पत्रा बघा. आपल्या चार वर्षांच्या मेकॅनिकलचा पहिला खरा प्रॅक्टिकल तिथेच आहे, आणि त्याला जर्नलही लिहावं लागत नाही!